रिटायरमेंटचे पैसे, साखर पेठेतलं सासऱ्यांच्या नावावरचं घर आणि जुळे सोलापुरातला फ्लॅट: आधी कशाला हात घालावा?

बाळीवेसची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, मे अखेर 58 पूर्ण होऊन रिटायर होतेय. नोकरी 2005 च्या आधीची म्हणून जुनी पेन्शन आहे, अंशराशीकरण (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेणं) जाऊन हातात महिन्याला साधारण चाळीस हजार पडतील. ग्रॅच्युइटी, जीपीएफ आणि अंशराशीकरणाचे मिळून 38 लाखाच्या आसपास येतील असं ऑफिसात सांगितलंय, शिवाय आधीच्या एफडी 9 लाखाच्या आहेत. मिस्टर 63 चे आहेत, त्यांचे टॉवेलचे चार माग होते ते विकले, त्यांना पेन्शन वगैरे काही नाही.

आता घरात जो तो वेगळं सांगतोय. मिस्टरांना जुळे सोलापुरात फ्लॅट घ्यायचाय, एक टूबीएचके बघून ठेवलाय, 42 लाख म्हणायलेत. मुलगा पुण्यात हिंजवडीला आहे, तो म्हणतो सोलापुरात कशाला अडकवता, मी इथं फ्लॅट घेतोय त्यात घाला, शेवटी तुम्ही इकडेच येणार. मुलगी लातूरला दिली आहे, ती काहीच बोलत नाही. शाळेतल्या एका मॅडमच्या ओळखीतून अक्कलकोट रोडकडचे गुंठ्याचे प्लॉट पण दाखवून झाले, आणि गल्लीतल्या पतसंस्थेवाले तर रोज येतात, बँकेपेक्षा दोन-तीन टक्के जास्त देतो म्हणून.

आम्ही राहतो ते साखर पेठेतलं घर सासऱ्यांनी 1974 मध्ये स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. खाली दोन खोल्या आणि मागाची शेड, वर एक मजला. सासरे 2009 ला गेले, सासूबाई 2017 ला. मृत्युपत्र नाही, उताऱ्यावर अजून सासऱ्यांचंच नाव. मिस्टर, भिवंडीचे दीर, आणि दोन नणंदा, एक अक्कलकोटला एक हैदराबादला. एकजण 60 लाखाला मागतोय. दीर म्हणतात विकू आणि दोघं भाऊ वाटून घेऊ, बहिणींच्या सह्या काय, दिवाळीला आल्या की घेऊन टाकू. मला हे बरोबर वाटत नाही पण मी बोलले तर वाईट मीच होणार.

आणि माझ्या सगळ्या खात्यांवर नॉमिनी मुलगा आहे. म्हणजे मुलीला काहीच मिळणार नाही का? सुरुवात कुठून करू ते सांगा.

सातरस्ता

ताई, आधी नुसत्या पैशाचं बोलतो, घराच्या कागदाचं इथले जाणकार सांगतील.

42 लाखाचा फ्लॅट तुमच्या एकटीच्या नावावर घेतला तर बाईमाणसाला मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत धरून 5 टक्के म्हणजे 2 लाख 10 हजार, नोंदणी फी 30 हजार, झाले 44 लाख 40 हजार. तुमच्याकडे सगळे मिळून 47 आहेत. म्हणजे फ्लॅटची किल्ली हातात घ्याल तेव्हा आयुष्यभराच्या नोकरीतले अडीच लाख शिल्लक, त्यात अजून फर्निचर, सोसायटीचं डिपॉझिट, पाण्याची टाकी. उद्या मिस्टरांचं एखादं ऑपरेशन निघालं तर भिंत काय विकता येत नाही. हे मिस्टरांना कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगून पटत नाही कुणाला.

मी तुमच्या जागी असतो तर पहिलं काम सीनियर सिटीझन सेव्हिंग स्कीम, पोस्टात किंवा बँकेत. सध्या 8.2 टक्के आहे, व्याज दर तीन महिन्याला, मुदत 5 वर्षं, एका माणसाला 30 लाखापर्यंत. वयाची अट 60 आहे पण 55 ते 60 मध्ये रिटायर झालेल्यांना रिटायरमेंटचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्याच्या आत खातं काढता येतं, तेवढ्याच पैशापुरतं. हे तीन महिने हातचे जाऊ देऊ नका, नंतर साठीपर्यंत थांबायला लागेल. 24 लाख टाकले तर तिमाहीला 49 हजार 200 येतात. मिस्टर 63 चे आहेत त्यांच्या नावावर वेगळं खातं काढता येतंच. व्याज करपात्र आहे पण नव्या करप्रणालीत 12 लाखापर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट आहे, पेन्शन आणि व्याज मिळून तुम्ही त्याच्या बऱ्याच खाली आहात.

पाच-सहा लाख राष्ट्रीयीकृत बँकेत एफडी, दवाखान्यासाठी, त्याला कुणी हात लावायचा नाही. राहिलेल्यातले आठ-दहा लाख निफ्टीच्या साध्या इंडेक्स फंडात (निफ्टी या शेअर निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे घालणारा म्युच्युअल फंड), पण एकदम नाही, दीड-दोन वर्षात थोडे थोडे. तुमच्या पेन्शनला महागाई भत्ता आहे म्हणून एवढी जोखीम तुम्हाला झेपते, नाहीतर सांगितलं नसतं. आणि हे पैसे सात-आठ वर्षं लागणार नाहीत असेच पाहिजेत. जानेवारी 2020 मध्ये निफ्टी 12,400 च्या पुढं होता, 23 मार्चला 7,600 वर आला, त्यावेळी ज्यांना नड होती त्यांनी तोट्यात काढले आणि ज्यांना नड नव्हती ते नुसते बसून राहिले. एवढाच फरक होता दोघांत.

पतसंस्थेचं स्पष्ट बोलतो. बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा आहे, मुद्दल आणि व्याज धरून, एका बँकेच्या सगळ्या शाखा मिळून. पतसंस्थेच्या ठेवीला हे संरक्षण नाही. आपल्याकडं 2022 मध्ये लक्ष्मी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला तेव्हा ठेवीदारांना 5 लाखापर्यंत मिळायचा जो मार्ग होता तो या विम्यामुळंच. पतसंस्था अडचणीत आली तर संचालकांच्या दारात उभं राहायचं आणि वसुली कधी होते त्याची वाट बघायची. दोन टक्के जास्तीसाठी नको ताई.

अजून एक, तुमच्या माघारी मिस्टरांना कुटुंब निवृत्तीवेतन मिळेल पण सुरुवातीचा काळ सोडला तर ते मूळ वेतनाच्या 30 टक्केच असतं. त्यामुळं मिस्टरांच्या नावावर स्वतःचं उत्पन्न उभं करणं हे फ्लॅटपेक्षा मोठं काम आहे.

जुळेसोलापूर_पाणी_कधी

मी गेली बरीच वर्षं जुळे सोलापुरात राहतो. फ्लॅट घेऊच नका असं मी म्हणणार नाही, मिस्टर 63 चे आहेत, साखर पेठेतला तो जिना आणि शेडची ओल त्यांना नकोशी झाली असेल तर त्यांचंही चूक नाही. पण बघायला जाताना संध्याकाळी सजवलेला हॉल बघून येऊ नका. पाणी येतं त्या दिवशी जा. वॉचमनला विचारा नळ किती दिवसाआड येतोय, खालची टाकी किती लिटरची, बोअर मेमध्ये चालू असतं का, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये आहेत की वेगळे. उजनी भरलं तरी आपल्या नळाला रोज पाणी येत नाही हे सोलापूरकरांना काय सांगायचं. आमच्या इथं पाण्याच्या दिवशी पहाटे सगळे फ्लॅट एकदम मोटर लावतात आणि चौथ्या मजल्यावर धार करंगळीएवढी येते, लोक पातेली भरून ठेवतात. लिफ्ट आहे का, जनरेटरवर चालते का, हे पण.

नवा असेल तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण) साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकून बघा. तयार आणि पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या फ्लॅटला जीएसटी नाही, काम चालू असलेल्याला 5 टक्के, आणि 45 लाखाच्या आत आणि आपल्यासारख्या शहरात 90 चौरस मीटर कार्पेटच्या आत बसत असेल तर 1 टक्का. बिल्डरनं 5 लावले असतील तर विचारा का लावले.

माझं मत विचाराल तर आधी वर्षभर भाड्यानं राहून बघा. 42 लाखाच्या फ्लॅटला आमच्याकडं भाडं दहा हजाराच्या आसपास आहे, म्हणजे वर्षाला 1 लाख 20 हजार, किमतीच्या तीन टक्के पण नाही. तेच पैसे वरच्या स्कीममध्ये असले तर भाडं भागून वर उरतं. साखर पेठेत जन्म गेलेल्या माणसाला तिकडं करमतं का हे पण कळेल, आमच्या वडलांना नाही करमलं, ते रोज रिक्षानं जुन्या गल्लीत जाऊन बसायचे.

गुंठ्याच्या प्लॉटचं एक वाक्यात: एनए आदेश आणि मंजूर लेआउट नसेल तर हात लावू नका. "गुंठेवारी होऊन जाईल", म्हणजे बेकायदा पाडलेला प्लॉट नियमित होईल, असं म्हणतात पण ती सवलत 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकाम-प्लॉटांसाठी होती, त्याच्यानंतर पाडलेल्याचं काय ते विचारा त्याला. आणि सातबारावर दहा-बारा जणांची सामाईक नावं असली तर तो प्लॉट नाही, ते भांडण विकत घेतल्यासारखं आहे.

बाळीवेसची_लेक

खूप आभार. 44 लाख 40 हजाराचा हिशोब लिहून मिस्टरांपुढं ठेवला, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले भाड्याचं बघू. पाण्याचं तर आमच्या लक्षातच नव्हतं.

पण साखर पेठेच्या घराचं कुणीतरी सांगा. दिरांचा परत फोन आला होता.

दस्त_आणि_उतारे

वहिनी, मी दस्त लिहिण्याचं काम करतो, रोज असली घरं टेबलावर येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो, वाचायला कंटाळा करू नका.

पहिलं म्हणजे घर सासऱ्यांच्या स्वकमाईचं आणि मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 प्रमाणे ते गेले त्या दिवशी पाच जणांचा सारखा हिस्सा झाला, सासूबाई, दोन मुलं आणि दोन मुली. सासूबाई गेल्यावर त्यांचा पाचवा हिस्सा चारही लेकरांत सारखा. म्हणजे आज प्रत्येकाचा चौथा हिस्सा आहे, नणंदांचा धरून. लग्न कधी झालं, हुंडा किती दिला, त्याचा काही संबंध नाही. लोक 2005 च्या दुरुस्तीवर वाद घालत बसतात, पण ती वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या मुलीच्या जन्मजात हक्काची, आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं विनीता शर्मा केसमध्ये तेही पक्कं केलं. तुमच्या केसमध्ये तर एवढं लांब जायलाच नको, बापाच्या स्वकमाईत मुलीचा वाटा 1956 पासूनच आहे.

दुसरं म्हणजे आज तुमचे मिस्टर आणि दीर दोघंच ते घर विकू शकत नाहीत. खरेदीदाराचा वकील पहिला प्रश्न बहिणींचाच विचारणार. महापालिकेच्या घरपट्टीवर नाव कुणाचं आहे त्याला मालकी म्हणत नाहीत, ती कर भरायची नोंद. मालमत्ता पत्रकावर नाव लागलं पाहिजे. त्यासाठी सिटी सर्व्हे ऑफिसला वारस नोंदीचा अर्ज, दोघांचे मृत्यू दाखले, वंशावळ, वारसांचं प्रतिज्ञापत्र, सगळ्यांची आधार. चौघांची नावं लावून घ्या. हे विकायचं असो नसो, आत्ताच करा, कारण चौघांपैकी एकजण जरी मागं-पुढं झाला तर त्याच्या जागी चार वारस येतात आणि मग सह्या गोळा करायला देशभर फिरायला लागतं. आमच्याकडं एका वाड्याला उताऱ्यावर 31 नावं लागलीत आणि विकायचं म्हटलं की कुणीतरी एकजण अडतोच.

आता हक्कसोड. नणंदांनी मनापासून सोडायचं ठरवलं तर हक्कसोड पत्र नोंदणीकृतच पाहिजे. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीसाठी मुद्रांक नाममात्र आहे, महाग काही नाही. दिवाळीला घरी बसून शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टँपवर घेतलेल्या सहीला कोर्टात काडीची किंमत नाही, उलट उद्या ती बाई म्हणाली की मला काय ते वाचून दाखवलं नाही, तर सगळा व्यवहार अडकतो. दुय्यम निबंधकासमोर बसल्यावर प्रत्येकीला विचारलं जातं. ते बरं आहे.

आणि वहिनी, विकायचंच असेल तर चौघांनी मिळून विका आणि खरेदीदाराला सांगा चार चेक दे, चौघांच्या नावावर चार. 60 चे 15-15 लाख. ज्या बहिणीला भावाला द्यायचे असतील ती तिच्या खात्यातून देईल, तिच्या मनानं. माझ्या टेबलावर जिथं असं झालं तिथं भाऊ-बहीण एकाच रिक्षातनं घरी गेले.

माहेर_अक्कलकोट

हे वाचून राहवलं नाही. मी पण कुणाची तरी नणंद आहे. आमच्यात भाऊबीजेला ओवाळून झालं, ताट बाजूला ठेवलं आणि त्याच चटईवर भावानं कागद पुढं केला, पेन टोपण काढून. कुणी विचारलं नाही. पैशाची मला गरज नव्हती, भावाची परिस्थिती माझ्यापेक्षा नाजूक होती, विचारलं असतं तर मी हसत दिलं असतं. पण विचारलं नाही ना. त्यानंतर मी जाते, ओवाळते, जेवते, पण आईच्या घरात पाय ठेवल्यासारखं वाटत नाही.

बाळीवेसच्या ताई, तुम्हाला हे बरोबर वाटत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्यासाठी तुम्हाला नमस्कार. मिस्टरांना सांगा की त्यांनी स्वतः दोघी बहिणींना फोन करावा, दिरांच्या आधी. वाटा तुझा आहे, तुझं काय म्हणणं आहे, एवढंच विचारावं.

सातरस्ता

टॅक्सचं राहिलं होतं. घर वारसानं आलेलं असलं तरी सासऱ्यांची खरेदी धरतात, आणि 2001 च्या आधीचं असल्यामुळं 1 एप्रिल 2001 ची बाजारभावाची किंमत घेता येते, नोंदणीकृत व्हॅल्युअरकडनं दाखला घ्या, त्यावेळच्या शासकीय मूल्यापेक्षा जास्त मात्र धरता येत नाही. समजा ती 6 लाख निघाली आणि घर 2025-26 मध्ये 60 ला गेलं. इंडेक्सेशन (महागाईच्या प्रमाणात जुनी किंमत वाढवून धरणं) न घेता 54 लाखावर 12.5 टक्के म्हणजे 6 लाख 75 हजार. इंडेक्सेशन घेतलं तर 6 चे 22 लाख 56 हजार होतात, उरलेल्या 37 लाख 44 हजारावर 20 टक्के म्हणजे 7 लाख 48 हजार 800. म्हणजे या उदाहरणात साधा 12.5 चा हिशोबच स्वस्त, सीएकडनं दोन्ही करून घ्या. हा टॅक्स चौघांत चार जागी विभागला जातो, हाही चार चेकचा फायदा. वरच्या 12 लाखाच्या रिबेटमध्ये हा नफा बसत नाही, ते डोक्यात ठेवा. दुसरं घर घेतलं किंवा सहा महिन्याच्या आत आरईसी, पीएफसी असल्या सरकारी कंपन्यांच्या भांडवली नफ्याच्या बाँडमध्ये टाकले, पाच वर्षं हात न लावता, तर टॅक्स वाचतो.

आणि बघा, मिस्टरांचे 15 लाख आले तर फ्लॅटचा विचार त्या पैशातून सुरू होतो, तुमच्या ग्रॅच्युइटीतून नाही.

बाळीवेसची_लेक

मिस्टरांनी काल रात्री दोन्ही नणंदांना फोन लावला. हैदराबादच्या म्हणाल्या मला नको, पण विचारलंस ते बरं केलंस. अक्कलकोटच्या म्हणाल्या मला माझा वाटा पाहिजे, लेकीचं लग्न आहे. मिस्टर म्हणाले मिळेल. दीर रागावलेत, बघू. सिटी सर्व्हेचा उतारा काढायला मिस्टर स्वतः जाणार आहेत.

मुलाला पण सांगितलं की तुझ्या फ्लॅटला मदत करू पण रिटायरमेंटचे सगळे नाही. तो जरा नाराज आहे. नॉमिनी आणि मृत्युपत्राचं तेवढं राहिलं.

दस्त_आणि_उतारे

मुलाला जे द्याल ते चेकनं द्या आणि मृत्युपत्रात लिहा की एवढे त्याला आधी दिलेत, म्हणजे मुलीला कळतं. राहतं घर किंवा मोठी रक्कम जिवंतपणी बक्षीसपत्रानं देऊन टाकू नका. दिलंच तर "सांभाळ करायच्या अटीवर" असं दस्तात स्पष्ट लिहा, म्हणजे सांभाळ झाला नाही तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली ते रद्द करून मागता येतं. अट नसेल तर अवघड जातं.

नॉमिनी म्हणजे मालक नाही. बँक पैसे त्याच्या हातात देते, पण वारसांचे म्हणून. सुप्रीम कोर्टानं विम्याच्या बाबतीत 1983 मध्ये आणि शेअरच्या बाबतीत 2023 मध्ये हेच सांगितलंय. विम्याचा कायदा मात्र 2015 मध्ये बदलला, तिथं नवरा-बायको, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर पैसे त्यांचेच होतात, म्हणून पॉलिसीवर कोणाचं नाव आहे ते वेगळं बघा. मृत्युपत्र नसेल तर तुमचं जे आहे ते मिस्टर, मुलगा, मुलगी यांना सारखं. ऐकायला बरं वाटतं, पण उद्या फ्लॅट तुमच्या नावावर असला तर मिस्टर त्याच फ्लॅटमध्ये तिसऱ्या हिश्शाचे मालक होऊन राहणार. म्हणून मृत्युपत्रात लिहा की मिस्टरांना हयातीपर्यंत राहायचा पूर्ण हक्क, त्यांच्यानंतर मुलगा-मुलगी. बँकेच्या खात्यांवर 1 नोव्हेंबर 2025 पासून चार नॉमिनी टाकता येतात, मुलीचं नाव टक्केवारीसकट घालून घ्या.

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक लागत नाही. दोन साक्षीदार पाहिजेत, दोघांनी तुम्हाला सही करताना बघितलेलं असावं, आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायची गरज नाही. तुमच्यापेक्षा वयानं लहान, सोलापुरातच राहणारे आणि ज्यांना काही मिळणार नाही असे घ्या. नोंदणी सक्तीची नाही पण करा, नाममात्र फी आहे, आणि नंतर कधीही बदलता येतं, शेवटचं जे असेल ते धरतात. त्या दिवशीचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा. खाते नंबर, पोस्टाचं पासबुक, फंडाचा फोलिओ, सगळं लिहा. दागिने वजनासकट, पाटल्या कुणाला, मोहनमाळ कुणाला, भांडणं बहुतेक तिथंच होतात. साखर पेठेचं घर तुमच्या मृत्युपत्रात लिहू नका, त्यातला चौथा हिस्सा मिस्टरांचा आहे, त्यांचं मृत्युपत्र त्यांनी वेगळं करायचं, त्याच दिवशी केलं तर तेच दोन साक्षीदार दोन्हीला चालतील.